मुलींनी शाळेत ‘घर’ शिकावे काय? एका अभ्यासविषयाची दीडशे वर्षे

#इतिहासधागा

१/
अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत विषयांच्या यादीत ‘बालविकास’, ‘गृहव्यवस्थापन’ अशी नावे दिसतात. ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडे, त्यातही विद्यार्थिनींकडे, ‘गुण मिळवून देणारा सोपा विषय’ म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. कुटुंब, समाज आणि माणसांचे स्वास्थ्य हा शाळेत शिकण्याचा विषय असू शकतो काय, या प्रश्नावर मात्र पुण्या-मुंबईत एके काळी वर्तमानपत्रांचे रकाने भरत होते. त्या वादाची ही हकीकत आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आरंभ १८५५ पासून करू. त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या पत्रात एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुलगी मांग समाजातील, वय सुमारे १४, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेली. नाव मुक्ता. आज ती मुक्ता साळवे या नावाने सर्वांस ठाऊक आहे. निबंधाचा विषय मांग-महारांचे दुःख.

३/
या निबंधातील धर्मचिकित्सेची चर्चा पुष्कळ होते आणि ती योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे लक्ष कमी जाते. आपल्या समाजातील स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, हे ती अनुभवावरून विचार करण्यास सांगते. बाळंतिणीला आजार झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून येणार, असेही विचारते.

४/
वस्ती, घर, बाळंतपण, आजार आणि पैसा या पाच गोष्टींची सांगड एका शाळकरी मुलीने घातली आहे. आजच्या पाठ्यपुस्तकात हाच मजकूर ‘कुटुंबाचे स्वास्थ्य व सामाजिक घटक’ अशा मथळ्याखाली येईल. मुक्तापुढे असे कोणतेही पुस्तक नव्हते. तिने आपली वस्ती पाहिली होती आणि ती लिहू शकत होती, एवढेच. या निबंधाकडे आपण पुन्हा येऊ.

५/
आता ३० वर्षे पुढे. १८८४ साल. मुलींसाठी माध्यमिक शाळा हवी, ही मागणी घेऊन पुण्यातील सुधारक मंडळी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे गेली. मागणीचे इंग्रजी निवेदन भरसभेत वाचून दाखवले ते रमाबाई रानडे यांनी. वय २२ च्या आसपास. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जे शिकल्या ते न्या. महादेव गोविंद रानडे यांच्याजवळ, घरच्या बायकांचा रोष सोसून.

६/
सभेतून घरी परतल्यावर काय झाले, ते रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यांना टोचून टोचून बोलून घेतले. चार पुरुषांत उभे राहून साहेबापुढे इंग्रजी वाचणारी सून त्या घराला परकी वाटली. मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात सभागृहाइतकेच स्वयंपाकघरही रणांगण होते, हे विसरू नये.

७/
२९ सप्टेंबर १८८४ रोजी शाळा सुरू झाली. पेशव्यांच्या घोड्यांची जेथे पागा होती त्या जागेवर ती पुढे उभी राहिली, म्हणून तिचे नाव पडले हुजूरपागा. रानडे, रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित ही मंडळी तिच्यामागे होती. मुलींना इंग्रजी, गणित, इतिहास, संस्कृत शिकवायचे आणि पुढे मॅट्रिकपर्यंत न्यायचे, असा बेत. मुलग्यांच्या शाळेत जे चालते, साधारण तेच.

८/
येथेच ठिणगी पडली. १८८७ मध्ये ‘मराठा’ पत्रातून या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका झाली. या मताचे अग्रणी बाळ गंगाधर टिळक. युक्तिवाद थोडक्यात असा: हे शिक्षण हिंदू गृहिणीच्या उपयोगाचे नाही. मुलींना मराठी, आरोग्य, गृहव्यवस्था, शिवणकाम शिकवावे. दिवसभर शाळेत अडकवून ठेवू नये. दोन-तीन तास शिकवून घरी पाठवावे, म्हणजे घरचे कामही अंगवळणी पडेल.

९/
टिळकांचे नाव आले की आपल्याकडे वाचक लगेच दोन फळ्यांत विभागले जातात. क्षणभर थांबून त्या काळची परिस्थिती पाहू. दहा-बारा वर्षांच्या मुली सासरी नांदत होत्या. शाळेची वेळ आणि घरच्या कामाची वेळ एकच होती. हा पेच टीकाकारांनी कल्पनेतून काढलेला नव्हता. त्यावर त्यांनी सुचवलेला तोडगा असा होता की बदल शाळेने करावा, घराने नव्हे. माझ्या मते वादाचे मूळ येथे आहे.

१०/
त्याच वर्षी रखमाबाईंचा खटला गाजत होता, हेही ध्यानात ठेवावे. ११ व्या वर्षी झालेले लग्न मानून पतीकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. मार्च १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने महिन्याभरात पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कैद, असा निकाल दिला. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. शिकलेली मुलगी घराचे काय करील, या भीतीला त्या वर्षी एक चेहरा मिळाला होता.

११/
गोपाळ गणेश आगरकरांचे म्हणणे अगदी दुसऱ्या टोकाचे. १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला आणि त्यातून त्यांनी मांडले की स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे. घर चालवणे ही एकट्या बाईची विद्या मानणे त्यांना मुळातच मान्य नव्हते. १८९५ मध्ये, चाळिशीही गाठण्यापूर्वी, ते गेले. हा विचार पुढे नेणारा त्यांच्या तोडीचा लेखक पुण्याला लवकर मिळाला नाही.

१२/
आता थोडे अमेरिकेत डोकावू, कारण तेथेही हाच विषय आकार घेत होता. एलन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री, वर्ष १८७३. पाणी, हवा, अन्न यांतील अशुद्धता तपासण्यात त्यांचे आयुष्य गेले. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यांनी एक स्वयंपाकघर मांडले होते. तेथे स्वस्त आणि सकस जेवण मिळे, आणि त्यातून शरीराला काय मिळते याची माहितीही मिळे.

१३/
१८९९ ते १९०८ या काळात ‘लेक प्लॅसिड परिषदा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिषदा दरवर्षी भरल्या, आणि त्यांतून ‘होम इकॉनॉमिक्स’ ही विद्याशाखा जन्मली. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने तिच्या शालेय शिक्षणाला सरकारी पैसा मिळाला. रिचर्ड्सबाईंचा डाव दुहेरी होता. घरात विज्ञान न्यायचे, हा एक भाग. ज्या काळी प्रयोगशाळांची दारे स्त्रियांना बंद होती, त्या काळी घराच्या निमित्ताने स्त्रियांना विज्ञानात आणायचे, हा दुसरा.

१४/
हा दुहेरी डाव नीट लक्षात घ्या, कारण तो जपानमार्गे पुण्यात येणार आहे. १९०१ मध्ये टोकियोत नारुसे जिंझो यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठाच्या नावाने संस्था काढली. तिच्या पहिल्याच विभागांत गृहशास्त्राचा विभाग होता. ‘चांगली पत्नी, सुजाण माता’ हे तेव्हाच्या जपानी राज्यकर्त्यांचे धोरण होते. त्या घोषणेच्या आडोशाने मुली उच्च शिक्षणाला पोहोचल्या.

१५/
या संस्थेची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने पुण्याजवळच्या हिंगण्यास येऊन पडली. ज्यांच्या हाती पडली त्यांनी ती प्रथम बाजूला ठेवून दिली. ते म्हणजे धोंडो केशव कर्वे. फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक. १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केलेले, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढलेले. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, भाषण लिहायला बसले आणि ती पुस्तिका त्यांनी पुन्हा उघडली.

१६/
१९१६ मध्ये हिंगण्यास भारतातील पहिले महिला विद्यापीठ सुरू झाले. भांडारकर त्याचे पहिले कुलपती. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. इंग्रजी सक्तीचे, पण दुसरी भाषा म्हणून. गणित व भौतिक विज्ञान ऐच्छिक. गृहव्यवस्था, आरोग्यशास्त्र, मानसशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान. पदवीचे नाव मोठे सुंदर: जी.ए., म्हणजे ‘गृहीतागमा’, जिने विद्या ग्रहण केली आहे ती. त्यापुढची पदवी पी.ए., ‘प्रदेयागमा’. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, अर्थात एस.एन.डी.टी., झाले.

१७/
गंमत पाहा. गणिताचा प्राध्यापक मुलींसाठी गणित ऐच्छिक करतो! आणि आगरकरांच्या वाटेने जाणारा, विधवेशी लग्न करून वाळीत पडलेला सुधारक, १८८७ च्या टीकाकारांच्या यादीतील मातृभाषा, आरोग्य आणि गृहव्यवस्था एकामागून एक स्वीकारतो. कर्व्यांनी सुधारणेचा पराभव मान्य केला काय?

१८/
मला तसे वाटत नाही, पण प्रश्न खोटाही नाही. कर्व्यांचा हिशेब व्यवहारी होता. मुंबई विद्यापीठाची वाट मुलींना खुली होतीच. तिच्यावरून जाऊ शकणाऱ्या मुली मूठभर होत्या. इंग्रजी आणि गणित यांत अडणाऱ्या, उशिरा शिकू लागलेल्या, विधवा झालेल्या स्त्रियांना पदवीपर्यंत नेणारी दुसरी वाट त्यांना हवी होती. टीकाकारांना घर हे शिक्षणाचे कुंपण म्हणून हवे होते. कर्व्यांनी त्याच घराचा जिना केला.

१९/
जिन्यालाही मर्यादा असतेच. या पदव्यांना सरकारी मान्यता नव्हती. स्वतंत्र कायदा १९४९ मध्ये झाला आणि विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळता मिळता १९५१ उजाडले. म्हणजे ३५ वर्षे ज्या मुलींनी ही पदवी घेतली त्यांनी बाजारात न चालणारे नाणे विश्वासावर स्वीकारले होते. त्यांच्या धैर्याचा उल्लेख शताब्दीच्या भाषणांत सहसा येत नाही.

२०/
आता कर्व्यांच्या स्वतःच्या घरात शिरू. कुटुंब, समाज, स्वास्थ्य या तिन्हींचा अभ्यास महाराष्ट्रात कसा वाढला, हे पाहायला या एका घराइतकी सोयीची जागा नाही. प्रथम पत्नी, आनंदीबाई ऊर्फ बाया. बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी. त्यांनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिले. ज्या माणसाने गृहव्यवस्थेला विद्यापीठात नेले, त्याच्या गृहाची व्यवस्था कोणी आणि कशी लावली, ते वाचायचे असेल तर हे पुस्तक वाचावे.

२१/
अण्णांनी मिळेल ते संस्थेला द्यावे आणि बायांनी घरात ओढाताण करावी, असा संसार. आयुष्याचा विमाही त्यांनी संस्थेच्या नावे केला होता. सून इरावती यांनी पुढे सासऱ्यांचे शब्दचित्र रेखाटले, त्यात या अर्थाचे एक विधान आहे की अशा पुरुषाची सून होणे हे भाग्य, आणि त्यांची पत्नी नसणे हे त्याहून मोठे भाग्य. इतके मोकळे बोलणारी सून आणि ते छापू देणारे घर, दोन्ही विरळा.

२२/
दुसरे पात्र थोरले चिरंजीव, रघुनाथ धोंडो. हेही गणिताचेच प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मारी स्टोप्सबाईंचे लंडनमधील केंद्र निघाले तेही याच वर्षी. या कार्यापायी रघुनाथरावांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, ते १९५३ मध्ये मृत्यूपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

२३/
या मासिकाचे नाव पुन्हा वाचा. समाज आणि स्वास्थ्य. शाळा-कॉलेजांतील गृहशास्त्र बाळाचे दूध, तान्ह्याची आंघोळ, घराची हवा शिकवत होते. मूल कधी व्हावे, किती व्हावीत, हे ठरवण्याचा अधिकार बाईला आहे काय, या दारापाशी ते शास्त्र थबकत होते. वडील जेथे थांबले तेथून थोरल्या मुलाने चालायला सुरुवात केली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

२४/
तिसरे पात्र इरावती. येथे थोडे रेंगाळू. जन्म १९०५, ब्रह्मदेशात. इरावदी नदीवरून नाव. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्यास पाठवले, ते हुजूरपागेच्या वसतिगृहात. होय, तीच शाळा, जिचा अभ्यासक्रम गृहिणीच्या उपयोगाचा नाही म्हणून १८८७ मध्ये टीका झाली होती. पुढे फर्ग्युसन कॉलेज, मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र, बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राची डॉक्टरेट. १९३१ ते १९३६ त्या सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात कुलसचिव होत्या. १९३९ पासून डेक्कन कॉलेज.

२५/
१९५३ मध्ये त्यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ आला. घर कसे चालवावे, हे त्यात नाही. घर म्हणजे काय, हे त्यात आहे. त्यासाठी त्या देशभर हिंडल्या. माणसे कोणाशी लग्न करतात, कोणाशी करत नाहीत, एकमेकांना कोणत्या शब्दाने हाक मारतात, हे टिपत गेल्या. त्यावरून त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार नातेप्रदेश मांडले.

२६/
उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी घरी द्यायची रीत. माहेर आणि सासर ही दोन वेगळी जगे. सासरी गेलेली मुलगी परक्यांत पडते. दक्षिणेत मामाशी किंवा मामाच्या, आत्याच्या मुलाशी लग्न होते. सून येते ती बहुधा नात्यातलीच, लहानपणापासून पाहिलेली. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. येथे अनेक जातींत मामेबहिणीशी लग्न चालते, मावसबहिणीशी मात्र चालत नाही.

२७/
याचा पुरावा तुमच्या घरच्या बोलीत आहे. जुन्या वळणाच्या सुना सासूला ‘आत्याबाई’ म्हणत आणि सासऱ्यांना ‘मामंजी’. का? मुलगा मामेबहीण करतो, तेव्हा त्या मुलीच्या बाजूने पाहिले तर नवरा हा तिचा आतेभाऊ होतो आणि सासू तिची सख्खी आत्या. सासऱ्याला मामा म्हणणे हेही आते-मामे विवाहाच्या त्याच वळणाचे. ज्या घरांत असे लग्न पिढ्यान्‌पिढ्या झालेले नाही तेथेही हे शब्द टिकून राहिले. शब्द जुने असतात, कित्येकदा चालीरीतींहूनही जुने.

२८/
या ग्रंथाचे मोल माझ्या लेखी येथे आहे. ‘कुटुंब’ ही एकच एक, सनातन, सर्वत्र सारखी वस्तू नाही, हे त्याने नकाशावर दाखवले. ज्याला आपण नैसर्गिक म्हणतो ते तीनशे मैलांवर निषिद्ध असते. हे एकदा कळले की ‘गृहिणीच्या उपयोगाचे शिक्षण’ या शब्दप्रयोगातील गृहिणी कोणत्या प्रदेशातील, कोणत्या जातीची, असे विचारावेच लागते.

२९/
आणि येथे मुक्ता साळवे परत येते. १८८४ ची शाळा, १८८७ ची टीका आणि १९१६ चा अभ्यासक्रम, या तिघांच्या डोळ्यांपुढे जे घर होते त्याला छप्पर होते. त्यात माजघर होते, चूल होती, बहुधा पाणी भरणारे माणूसही होते. ज्या घराला छप्परच नाही त्याच्या गृहव्यवस्थेचा धडा कोणी लिहिला नाही. मुक्ताच्या निबंधाला अभ्यासक्रमात जागा नव्हती, कारण बाईने घर कसे ठेवावे हा तिचा प्रश्नच नव्हता; काही माणसांना घर का नाही, असे ती विचारत होती.

३०/
शाळांतील विषयाचे पुढे काय झाले, ते आता भराभर सांगतो. जानेवारी १९२७ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. या संघटनेच्या प्रयत्नांतून १९३२ मध्ये दिल्लीत गृहविज्ञानासाठी लेडी आयर्विन कॉलेज निघाले. स्वातंत्र्यानंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा झाली. तेव्हा कुलगुरू होत्या हंसा मेहता.

३१/
हंसा मेहतांचे नाव तुम्ही दुसऱ्या संदर्भात ऐकले असेल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सर्व ‘पुरुष’ जन्मतः स्वतंत्र, असा अर्थ होईल अशी शब्दयोजना होती. ती बदलून ‘मानव’ असा शब्द यावा, यासाठी त्या अडून बसल्या. त्याच बाई १९६१ मध्ये एका समितीच्या अध्यक्ष झाल्या. समितीपुढचा प्रश्न: मुलग्यांचा आणि मुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा काय?

३२/
समितीचे उत्तर ‘नाही’ असे होते. स्त्री-पुरुषांच्या बुद्धीत आणि आवडीनिवडीत दिसणारे फरक बव्हंशी समाजाने घडवलेले आहेत, तेव्हा त्यांच्यावर वेगळे अभ्यासक्रम उभारू नयेत. घराविषयीचे शिक्षण द्यायचे तर शाळेत मुलग्यांनाही द्यावे. गृहविज्ञानाची विद्याशाखा ज्यांच्या कारकिर्दीत वाढली, त्यांनीच हे सांगावे, याला महत्त्व आहे.

३३/
१९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने ही दिशा मान्य केली. गृहविज्ञान असावे, पण ऐच्छिक. मुलींवर सक्ती नको. मुलींना गणित आणि विज्ञान घेण्यास उत्तेजन द्यावे. आगरकरांचा मुद्दा सरकारी अहवालात यायला सात-आठ दशके लागली. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर भागातले जे. पी. नाईक, म्हणजे अहवालाची वाट पुन्हा महाराष्ट्रातूनच गेली.

३४/
नावेही बदलत गेली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर केंद्रीय पाठ्यपुस्तकांत ‘गृहविज्ञाना’ऐवजी ‘मानव पारिस्थितिकी आणि कुटुंब विज्ञान’ असे जडजंबाल नाव आले. नाव अवघड आहे खरे, पण त्यात ‘गृह’ मागे पडून ‘कुटुंब’ पुढे आले. अमेरिकेतील संघटनेनेही १९९४ मध्ये ‘होम इकॉनॉमिक्स’ सोडून ‘कुटुंब व ग्राहक विज्ञान’ हे नाव घेतले होते.

३५/
मुलग्यांना हा विषय शिकवावा ही हंसा मेहतांची सूचना कागदावर आहे, वर्गात फारशी उतरलेली नाही. सक्ती गेली आहे, सवय गेलेली नाही. मुलगा ‘बालविकास’ घेतो म्हटल्यावर घरी, मित्रांत, कधी शिक्षकांच्या खोलीतही काय चेहरे होतात, ते तुमच्यापैकी कोणी अनुभवले असेल तर जरूर लिहा. १८८४ मध्ये रमाबाई घरी परतल्या तेव्हाच्या चेहऱ्यांशी ताडून पाहता येईल.

३६/
कर्व्यांच्या घरातील आणखी एक पुस्तक राहिले. इरावतींचे पती दिनकर धोंडो कर्वे यांनी पाच मराठी कुटुंबांच्या आत्मकथनांतून निवडक भाग इंग्रजीत आणला. १९६३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने तो प्रसिद्ध केला. सासऱ्यांवरचे इरावतींचे ते शब्दचित्र त्यात आहे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने कुटुंबांचा अभ्यास करावा, आणि त्यात आपल्या घरालाही सूट देऊ नये, हे मला फार आवडते.

३७/
आता एक काम. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईला, आजीला किंवा पणजीला, विचारा: लग्न होऊन आलात तेव्हा सासूबाईंना काय हाक मारत होता? सासऱ्यांना? दिराला, नणंदेला? गाव, तालुका आणि जमेल तर पंचक्रोशीतील लग्नाच्या रीती यांसह टिपून घ्या. मामेबहीण ‘चालते’ की ‘चालत नाही’, हेही विचारा. उत्तरे या धाग्याखाली लिहा. पुरेशी जमली तर पुढच्या धाग्यात त्यांचा जिल्हावार नकाशा मांडू.